मोडक्या नूडल्सची सलोमा

सलोमा रेबरला स्वस्थ बसता येत नाही, हे आमच्या भागातल्या घोड्यांनासुद्धा ठाऊक होतं. तिची बग्गी कुणाच्या दारात थांबली की घोडं डुलकी काढायच्या भानगडीत पडायचं नाही. बाई आत गेली तशी बाहेर येणार, हे त्याला अनुभवानं कळलेलं. पायाला भिंगरी लावूनच जन्मली, असं तिची आई म्हणायची. रविवारी प्रार्थनेला तीन तास बाकावर बसायचं म्हणजे तिला शिक्षाच. ओठ मिटलेले, नजर खाली, डोक्यावरची टोपी जागच्या जागी, सगळं रीतसर. पण झग्याखाली उजवा गुडघा शिवणयंत्राचं पायडल मारत असल्यासारखा हलत राहायचा, आणि शेजारची बाई बाकासकट हलायची.

लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हाची गोष्ट. कपडे पिळायचं यंत्र मोडलं, आणि तिचा नवरा अ‍ॅटली ते भंगारात टाकायला निघाला. हिनं वाटेतच हिसकावून घेतलं. रबरी रूळ काढले, मेपलच्या लाकडाचे बसवले, आणि त्यातून नूडल्सची कणीक लाटायला लागली. एका बाजूनं गोळा घालायचा, दुसऱ्या बाजूनं पत्र्यासारखी सपाट पोळी बाहेर.

"आणि कपडे कशात पिळायचे?" अ‍ॅटलीनं विचारलं.

"हातानं. देवानं दोन दिलेत ना तुला?"

त्या दोन हातांचं पुढं फार मोल होणार होतं, हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं. पुढं बऱ्याच वर्षांनी, मुलं लग्नं करून केंटकीला गेल्यावर, शेजाऱ्याचं जळलेलं कोठार उभारायला दोनशे माणसं जमली. त्यात अ‍ॅटली तुळईवरून खाली आला. जीव वाचला, पण कमरेखालचं सगळं गेलं. शेत पुतण्याकडं गेलं, नांगर गेला, घोडे गेले. चाकाच्या खुर्चीत बसून अ‍ॅटली खिडकीतून दुसऱ्याची नांगरट बघायचा आणि दिवसभर अवाक्षर बोलायचा नाही.

एक हिवाळा सलोमानं ते सहन केलं. मग एका सकाळी त्याच्या मांडीवर अंड्यांची टोपली ठेवली, दोन्ही बाजूंना दोन बादल्या ठेवल्या.

"पिवळं इकडं, पांढरं तिकडं."

"हे बायकांचं काम."

"मग बायकांपेक्षा चांगलं करून दाखव."

त्यानं दाखवलं. वर्षभरात अ‍ॅटली डोळे मिटून अंडं फोडायला लागला. हातातल्या वजनावरून सांगायचा, ह्यात दोन बलक आहेत. एका बैठकीत तीनशे अंडी. पांढरं, केक करणारी एक बाई न्यायची, पिवळ्याच्या नूडल्स व्हायच्या. आणि बोलायला तर असा लागला की सलोमा म्हणायची, खुर्चीला चाकं आहेत तशी ह्याच्या जिभेलाही बसवलीत कुणीतरी.

सुरुवातीला नूडल्स वाळायच्या पलंगांवर. घरातल्या सगळ्या पलंगांवर चादरी, चादरींवर नूडल्स. पाहुणा आला की तो जमिनीवर, नूडल्स गादीवर. दोन दिवस लागायचे, पण कडक वाळायच्या. मग ड्वेन आला. ड्वेनचं रस्त्यावर मोठं दुकान. माणूस इंग्लिश, म्हणजे मोटार चालवणाऱ्या सगळ्यांनाच आम्ही इंग्लिश म्हणतो, मग त्याचा आजा जर्मनीचा का असेना. ओहायोतली आमची होम्स काउंटी, आमच्या बग्ग्या आणि बिनविजेची घरं बघायला बसा भरभरून लोक येतात, आणि जाताना त्यांना पिशवीत काहीतरी हवं असतं. ड्वेन म्हणाला, "सलोमा, मला दर शुक्रवारी शंभर पिशव्या लागतील."

शंभर पिशव्यांना पलंग कुठून आणायचे? सलोमाचा गुडघा महिनाभर हलला. मग तिनं लिलावातून एक मोठा पंखा आणला, त्याची विजेची मोटर काढून पुतण्याच्या शेळ्यांच्या गोठ्याच्या दाराला टेकू म्हणून दिली, आणि तिथं दाबलेल्या हवेवर फिरणारी मोटर बसवली. मागच्या अंगणात डिझेलचं इंजिन, इंजिन हवा दाबणार, हवा नळीतून येणार, पंखा गरगरणार. तारेतून काही घरात यायचं नाही एवढाच आमचा नियम, नळीतून यायला कुणाची ना नाही. घराशेजारी शेड बांधली, कापड ताणलेल्या लाकडी चौकटींचे मनोरे रचले, आणि जे दोन दिवसांत वाळायचं ते पाच तासांत वाळायला लागलं. बघायला आलेल्या बायका तोंडात बोट घालून गेल्या.

आणि तिथूनच घरात चुरा शिरला.

पिशवीत भरताना नूडल्स सोन्याच्या पट्ट्यांसारख्या दिसायच्या. ड्वेनच्या फळीवर तिसऱ्या दिवशी त्यांचा चुरा. अर्ध्या पिशव्या परत. सलोमाला वाटलं, ड्वेनची गाडी आदळतेय. तिनं खोक्यात पेंढा घातला. तरी चुरा. मग खोक्याखाली बग्गीच्या जुन्या स्प्रिंगा बसवून एक झुलतं खोकं तयार केलं. ड्वेन म्हणाला, एवढ्या लाडानं मी माझ्या सासूलाही नेत नाही. तरी चुरा. शेवटी ती स्वतः ड्वेनच्या गाडीत नऊ मैल बसून गेली, मांडीवर एक पिशवी घेऊन, तान्हं मूल घ्यावं तशी. ती पिशवीसुद्धा तिसऱ्या दिवशी गेली.

घरात रोज नूडल्स. मोडक्या नूडल्सचं सूप, कुस्करलेल्या बटाट्यावर मोडक्या नूडल्स, दुधात मोडक्या नूडल्स. उरतील त्या कोंबड्यांना. "त्यांचंच अंडं त्यांनाच खायला घालतेस," अ‍ॅटली म्हणाला, "एक दिवस त्या ओळखतील आणि संपावर जातील."

कोडं उलगडायला पहिला हात लावला तो अ‍ॅटलीनंच. एका सकाळी सलोमा आत-बाहेर करत होती, तर तो म्हणाला, "जरा उभी राहा."

"का?"

"उभी राहायला कारण लागतं का? ऐक."

स्वयंपाकघराच्या फळीवर एक पिशवी होती, परवापासून कुणी हात न लावलेली. सलोमानं श्वास धरला. टिक. थोड्या वेळानं पुन्हा, टिक.

"कालपासून चाललंय," अ‍ॅटली म्हणाला. "आधी मला वाटलं घड्याळ. पण आपलं घड्याळ असं मनाला येईल तेव्हा बोलत नाही. नूडल्स आहेत त्या. बसल्या जागी मोडतायत."

सलोमा मटकन खाली बसली, हीच मोठी नवलाई. पेंढा, स्प्रिंगा, नऊ मैलांचा प्रवास, सगळा खटाटोप चुकीच्या दाराशी. दोष रस्त्याचा नव्हताच. दोष तिच्या पंख्याच्या शेडमधूनच पिशवीत बसून येत होता.

त्या दिवसापासून तिला झोप नाही. कणीक जाड लाटून बघितली, आतून ओली राहिली. पातळ लाटली, कागदासारखी चुरगळली. पंखा मंद केला, तर सप्टेंबरच्या दमट हवेत आंबूस वास सुटला. चौकटींखाली पाण्याची पातेली ठेवली, खिडकीला गोणपाट लावलं, काढलं, पुन्हा लावलं. गावोगावची आमची माणसं ज्या साप्ताहिकात पत्रं लिहितात त्यात तिनंही चार ओळी घातल्या: नूडल्स वाळल्यावर आपोआप मोडतात, कुणाला उपाय माहीत असेल तर कळवावं. अकरा उत्तरं आली. इंडियानाच्या एका बाईनं लिहिलं, चमचाभर व्हिनेगर घाला. विस्कॉन्सिनच्या एकीनं लिहिलं, चंद्र उतरता असताना कणीक मळू नये. एका म्हाताऱ्यानं दोन पानं लिहिली आणि त्यात नूडल्सचा उल्लेखच नव्हता, सगळं त्याच्या पित्ताशयाबद्दल. सलोमानं व्हिनेगर घातलं, चंद्र पाळला, पित्ताशयवाल्याला बरं वाटावं म्हणून पत्र लिहिलं. फळीवरच्या पिशव्या टिक टिक करतच राहिल्या.

मग त्या शुक्रवारी ड्वेन आला तो रिकाम्या खोक्यांशिवाय. त्याच्या हातात एकच पिशवी होती. ती त्यानं कानाशी धरून हलवली.

"खुळखुळा झालाय गं हा, सलोमा."

"दिसतंय मला."

"माझी गिऱ्हाइकं नूडल्स मागतात, पाखरांचा दाणा नाही." ड्वेन माणूस वाईट नव्हता; बोलताना त्याच्या टोपीची पार चुरगळ झाली होती. "पुढच्या शुक्रवारी एक खेप नेतो. ती आठवडाभर टिकली तर टिकली. नाहीतर मला कारखान्याच्या मागवाव्या लागतील. मला वाईट वाटतं, पण..."

"वाईट वाटून घेऊ नकोस. शुक्रवारी ये."

ड्वेनची गाडी वळली, आणि तिला टेबलावरची चिठ्ठी आठवली. गावातल्या पर्यटकांच्या हॉटेलात खोल्या आवरायला बाई हवी होती. सकाळी सहाला गाडी दाराशी येणार, संध्याकाळी पाचला परत सोडणार. तिथल्या बाईनं विचारलं होतं, येतेस का, शुक्रवारपर्यंत कळव. नूडल्स गेल्या तर ह्या घरात दुसरा मार्ग नव्हता. आणि मग अकरा तास अ‍ॅटली त्या खुर्चीत. बाजूला ना टोपली, ना बादल्या, समोर खिडकी आणि खिडकीत दुसऱ्याचं नांगरलेलं शेत. तो हिवाळा सलोमाच्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

"गेला?" आतून अ‍ॅटलीनं हाक दिली.

"गेला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, शुक्रवारी येतो."

"तेवढं सांगायला टोपी कशाला पिळत होता?"

ह्या माणसापासून काही लपत नसे. बसून बसून त्याचे कान आणि डोळे दुप्पट झाले होते.

त्यात तो रविवार तिच्या घरच्या प्रार्थनेचा. आमच्यात देवळाची इमारत नसते, पाळीपाळीनं एकेकाच्या घरी सगळी मंडळी जमतात, आणि ज्याच्या घरी जमणार त्याच्या घराचा कोपरान् कोपरा आधी घासून निघतो. सलोमाच्या घरात दीडशे माणसं मावणार नव्हती, म्हणून बाकं शेडमध्ये लागणार होती. कुठलीही शहाणी बाई त्या शनिवारी नूडल्सच्या वाटेला गेली नसती. सलोमा पहाटे चारला उठली आणि वीस चौकटी भरतील एवढ्या लाटल्या. एक नवीनच युक्ती तिच्या डोक्यात आली होती, पंख्यासमोर जुनी चादर टांगून बघायची. दोन-अडीच तास वारा दिला. नवाला नणंद मलिंडा तीन बायकांना घेऊन आली, हातात बादल्या आणि कुंचे.

मलिंडा अ‍ॅटलीची थोरली बहीण. घर साफ करायला बोलवली तर ती भिंतीचा रंग निघेपर्यंत थांबत नसे.

"अगं, तू अजून पीठात? उद्या बिशप येणार, आणि तुझ्या नाकावर अंडं!"

"ह्या चौकटींना हात लावू नका हं. मी पाव घेऊन आलेच."

ती गेली ती बग्गीनं, आणि मलिंडानं ऐकलं ते एवढंच, की चौकटी आहेत.

दुपारी सलोमा परतली तर शेड कोरी करकरीत. जमीन ओली, पंखा पुसलेला, बाकांची गाडी दारात, माणसं बाकं उतरवतायत. चौकटी नाहीत.

"मलिंडा! माझ्या नूडल्स?"

"तळघरात. घाबरू नकोस, वर चादरी घातल्यात. धुतलेल्या आहेत, जराशा ओलसर असतील, पण स्वच्छ."

अर्धवट वाळलेल्या नूडल्स, तळघराचा गारवा, वर ओल्या चादरी. मुद्दाम नासवायच्या म्हटलं तरी कुणाला इतकं नीट जमलं नसतं.

"वर आणू या परत."

"कुठं? बाकांवर? का बिशपच्या मांडीवर?"

शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, घरात उद्याच्या पावांचे ढीग होते, आणि सूर्य बुडला की इंजिन बंद. शनिवारी रात्री बंद झालेलं इंजिन सोमवारी उजाडेपर्यंत कुणी सुरू करत नाही. रविवारी कामाला हात लागत नाही, मग ते नासो की तरो. सलोमा गप्प बसली. म्हणजे बसली नाहीच, चार वेळा जिन्यापर्यंत गेली आणि परत आली.

रविवारी सकाळी तीन तास ती बाकावर होती आणि बरोबर तिच्या पलीकडच्या भिंतीखाली, घराच्या पोटात, वीस चौकटी आंबत होत्या. निदान तिला तसंच वाटत होतं. स्तवन सुरू झालं, एकेक ओळ आमच्याकडं किती लांबते ते विचारू नका, आणि तिच्या नाकाला सारखा आंबूस वास येत होता जो दुसऱ्या कुणालाच येत नव्हता. बिशप रूबेन उपदेशाला उभा राहिला. धीर धरण्यावर बोलला. सलोमाला वाटलं, मलिंडानंच त्याला सांगून ठेवलं असणार.

जेवणाच्या वेळी लोणच्याच्या बरण्या कमी पडल्या. बरण्या तळघरात. सलोमा कुणाची वाट न बघता निघाली. खाली उतरून तिनं एका चादरीचा कोपरा उचलला. वास नव्हता. पण नूडल बोटावर घेतली तर ती लवली, बोटाभोवती वळली. काल कडक व्हायला आली होती ती आज पुन्हा ताज्यासारखी मऊ.

"लोणचं त्या चादरीखाली नाहीये," मागून मलिंडाचा आवाज आला.

"बघत होते फक्त."

"बघणं हे काम नाही. पण तुझा हात बघत नव्हता, चाचपत होता. चल, बरणी घे. माणसं पाव हातात धरून बसलीत."

निघताना बिशप रूबेननं सलोमाला बाजूला घेतलं. पांढरी दाढी छातीपर्यंत, पण डोळे खोडकर. "सलोमा, आज तुझा गुडघा माझ्याहून जास्त बोलला."

सलोमा लाल झाली. "नूडल्स अडकल्यात हो तळघरात. अर्धवट. मन तिथंच होतं."

"बैल खड्ड्यात पडला तर रविवारीही ओढून काढावा, असं वचन आहे."

"मग काढू?" तिच्या डोळ्यात एकदम उजेड आला.

"नूडल्स काही हंबरत नाहीयेत. उद्या."

सोमवार धुण्याचा. आमच्याकडं सोमवारी दोऱ्या भरल्या नाहीत तर लोक घरात कुणी आजारी आहे का विचारायला येतात. मलिंडा मदतीला आली होती, कारण प्रार्थनेनंतरचे टेबलक्लॉथ आणि चादरी धुवायच्या तर एकटीच्या नाकी नऊ आले असते. सलोमानं मनाशी ठरवलं होतं: धुणं झालं की चौकटी कोंबड्यांपुढं ओतायच्या आणि उद्यापासून पुन्हा पहिल्यापासून. चार दिवस उरले होते, आणि डोक्यात एकही नवीन युक्ती नव्हती. तिच्या आयुष्यात हे असं पहिल्यांदाच झालं होतं.

पहिले कपडे दुपारपर्यंत खडखडीत वाळले. मलिंडा ते टेबलावर घेऊन बसली, उद्याच्या इस्त्रीसाठी. वाटीतलं पाणी बोटांनी शिंपडायचं, कपड्याची घट्ट वळकटी करायची, टोपलीत ठेवायची, वरून ओलं फडकं. रात्रभर तसंच. सलोमा दोरीवर चादर घालत होती, ओठांत दोन चिमटे. तिचे हात थांबले.

"मलिंडा, वळकटी कशाला करतेस?"

"हे काय विचारणं! तूही करतेस."

"हो, पण कशाला?"

"तुला मीच शिकवलंय तीस वर्षांपूर्वी, तुझ्या लग्नाच्या आठवड्यात! शिंपडल्यावर लगेच इस्त्री फिरवली तर एक जागा ओली, एक कोरडी, कापड कुठं ताणतं, कुठं चुरगळतं. गुंडाळून ठेवलं की रात्रीत ओल सगळीकडं सारखी पसरते. मग इस्त्री... कुठं चाललीस? चादर पडली बघ चिखलात!"

सलोमा तळघरात पोचलीसुद्धा होती. ओठांतले चिमटे तसेच. तिनं एक नूडल घेतली, कडेला दाबली, मध्ये दाबली. सारखी. शेडमधून निघणाऱ्या नूडल्सची कड नखासारखी कडक असायची आणि पोट मऊ. तिला वाटायचं, वाळतेय, पोटही वाळेल. पोट वाळायचंच, पण मागाहून, पिशवीत, तिसऱ्या दिवशी, आणि तेव्हा कड आधीच आखडून बसलेली. पोट आक्रसणार, कड हलणार नाही. मग टिक.

पलंगांवर दोन दिवस पडून राहायच्या तेव्हा हे कधी झालं नव्हतं. तिथं वारा नव्हता, घाईही नव्हती.

ती वर आली. "ह्या कोंबड्यांना नाही घालायच्या."

"मग काय, इस्त्री करणार आहेस?" मलिंडा म्हणाली.

"जवळजवळ."

वीस चौकटी शेडमध्ये गेल्या, इंजिन सुरू झालं, तिनं त्यांना पुन्हा वारा दिला, पण ह्या वेळी हळू. रात्री पिशव्यांत भरून फळीवर मांडल्या, अ‍ॅटलीच्या उजव्या कानापाशी.

आता खरी पंचाईत पुढं होती. ड्वेनच्या शंभर पिशव्या शुक्रवारी सकाळी तयार हव्या होत्या. तळघराची रात्र धरून दोन दिवस, पिशव्या भरायला एक, म्हणजे मंगळवारी लाटायलाच हव्यात. आणि फळीवरच्या पिशव्या तरल्या की मेल्या हे कळायला तीन दिवस. कळेपर्यंत थांबलं तर वेळ जाणार. न थांबता सगळं पीठ, सगळी अंडी त्याच वाटेनं घातली आणि वाट चुकीची निघाली तर हॉटेलची गाडी दाराशी.

"अ‍ॅटली, काय करू?" मंगळवारी पहाटे तिनं विचारलं.

अ‍ॅटली टोपली मांडीवर ओढतच होता. "मला काय विचारतेस? तीनशे अंडी आण."

"चुकलं तर?"

"चुकलं तर तू चादरी बदलायला जाशील आणि मी इथं बसून बिशपच्या दाढीतले केस मोजीन. पण आज मंगळवार आहे, आणि मंगळवारी मी अंडी फोडतो."

मंगळवारी लाटल्या. सकाळभर वारा. दुपारी चाळीस चौकटी एकेक करून तळघराच्या दगडी पायऱ्या उतरल्या, वर ओलसर चादरी, ह्या वेळी सलोमानं स्वतः पिळून घातलेल्या. बुधवारी सगळ्या पुन्हा वर. पायऱ्या चौदा होत्या. चौदा गुणिले चाळीस, त्यात जाणं आणि येणं. बुधवारी संध्याकाळी तिचे गुडघे पहिल्यांदाच आपणहून गप्प बसले.

आणि घरात दोघांचे कान फळीकडं. घड्याळ टिकटिक करायला लागलं की सलोमा दचकायची, म्हणून अ‍ॅटलीनं त्याचा लंबक धरून ते बंदच केलं. मग वेळ कळेना. मलिंडा बुधवारी येऊन गेली तर घरात दोघं नवरा-बायको माना एकीकडं कलवून बसलेली. ती म्हणाली, प्रार्थनेला कधी इतकी शांत बसली नव्हतीस. काहीतरी वाजलं की सलोमा उठायची. एकदा चुलीतलं लाकूड होतं. एकदा अ‍ॅटलीचा दात. गुरुवारी दुपारी खरंच टिक झालं. सलोमानं पिशवी उघडून एकेक पट्टी हातात घेऊन बघितली, सगळी पिशवी, टेबलभर. एक मोडकी निघाली. एकच. ती तिनं कितीतरी वेळ हातात धरली होती.

"एखादी तर पलंगांवरही मोडायची," अ‍ॅटली म्हणाला. "तू तिच्यावर बसायचीस."

शुक्रवारी ड्वेन आला. टोपी हातातच होती. सलोमानं त्याच्या पुढ्यात सोमवारची पिशवी ठेवली, चार दिवसांची जुनी. त्यानं ती कानाशी धरून हलवली. मग दुसऱ्या कानाशी. मग खिडकीपाशी जाऊन उजेडात धरली.

"ह्या कधीच्या?"

"सोमवारच्या."

"काय केलंस?"

"मुरायला ठेवल्या. रात्रभर. खाली."

"एवढंच?"

"एवढंच कसं? चौदा पायऱ्या आहेत."

ड्वेननं शंभर पिशव्या नेल्या, पेंढ्याशिवाय, स्प्रिंगांशिवाय. आठवडाभर बघतो, म्हणाला. पुढच्या शुक्रवारी आला तो दीडशे मागायला. पण सलोमा त्या आठवड्यासाठी थांबली नाही. ड्वेनची गाडी वळणावर दिसेनाशी होण्याआधीच तिनं हॉटेलच्या बाईला कार्ड लिहिलं. अक्षर आठवीपर्यंतचं, पण सुवाच्य: विचारल्याबद्दल आभार. जमणार नाही. घरी काम आहे.

कार्ड तेव्हाच पेटीत गेलं. दीडशे पिशव्या सांगून ड्वेन गेला, त्या शुक्रवारी ती दारातून परत आली. अ‍ॅटली खुर्ची पुढं घेऊन टोपलीत डोकावत होता.

"अंडी संपलीत."

"माहितीय."

"दीडशे लागणार म्हणजे साडेचारशे अंडी. कोंबड्यांना कोण सांगणार?"

"तू सांग. तुझं त्या ऐकतात."

ती खिडकीपाशी बसली. गुडघा पुन्हा हलायला लागला होता. नजर समोरच्या कोठाराकडं, तिथं वर, जिथून गवताचे भारे चढवायची कप्पी लोंबत होती. अ‍ॅटलीनं तिकडं बघितलं, मग तिच्या गुडघ्याकडं.

"सलोमा, ती कप्पी पुतण्याची आहे."

"हं."

"चौकटी सोडायला तळघराला वरून भोक पाडावं लागेल."

"लहानसंच," सलोमा म्हणाली, आणि करवत शोधायला उठली.